बुद्धिबळाचा रोल-अप सेट: सोंगट्या झकास, सोबतचा नियमाचा कागद मात्र भांडणं लावणारा

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. सोंगट्या अन् मॅट मिळून पाचपैकी चार स्टार. सोबत जो नियमाचा कागद येतो त्याला एक, तोही छपाई स्वच्छ आहे म्हणून. ज्याला बुद्धिबळ येतं त्यानं डोळे मिटून घ्यावा, पण ज्यांच्या घरी कोणालाच येत नाही आणि कागद वाचून शिकू म्हणून जे मागवणार आहेत त्यांनी हे पूर्ण वाचा, कारण कागदात काय सुटलंय अन् काय चुकलंय तेच मी इथं लिहून राहिलो.

किंमत ६४९ पडली, ऑनलाइन. आमचं गाव आर्वी तालुक्यात, कुरिअरवाला गावात येत नाही, फाट्यावरून फोन करतो की दादा या अन् घेऊन जा, त्यामुळे डिलिव्हरीचा अनुभव मला विचारूच नका. माझं किराणा दुकान आहे, समोर ओटा, आणि या ओट्यावर बुद्धिबळ माझ्या वडिलांच्या टाइमपासून चालतं. आधी यात्रेतून आणलेला पुठ्ठ्याचा पट होता, मागून सापशिडीवाला, त्याची घडी फाटली तर मधली दोन घरं सेलोटेपनं जोडलेली. म्हाताऱ्यांचं त्यावर भागत होतं. पण जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, फायनलला समोर कोनेरू हंपी, टायब्रेकवर निकाल, आणि त्या एका जिंकण्यानं पोरगी थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी, वय फक्त १९. नागपूर म्हणजे आमच्यासाठी मोठ्या दवाखान्याचं गाव, तिथली पोरगी टीव्हीवर दिसली तेव्हापासून शाळेतले पोट्टेही ओट्यावर येऊन बसू लागले. मग म्हटलं एक धड सेट घेऊ.

सोंगट्यांचं आधी. राजा मोजून साडेनऊ सेंटिमीटर, स्पर्धेसाठी फिडे जी उंची सांगते तीच. फिडे म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना, नियम त्यांचेच चालतात. मॅटवरचं घर पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास, तेही फिडेच्या पाच ते सहाच्या मापात बसतं. प्लास्टिक आहे पण बुडात वजन भरलेलं, खाली हिरवं फेल्ट, त्यामुळे कूलरचा झोत अंगावर असला तरी प्यादं लवंडत नाही. हे बिनवजनाच्या स्वस्त सेटमध्ये होत नाही, तिथं एक सोंगटी पडली की शेजारच्या दोघींना घेऊन पडते अन् मग 'माझा उंट इथं होता' 'नाही तिथं होता' सुरू. मॅट हिरवी-पांढरी, रेक्झिनसारखी, ओल्या फडक्यानं पुसली की साफ. नवीन असताना कडा वर वळतात, उन्हात पाच मिनिटं पसरवून ठेवा, बसते सपाट. पाचच मिनिटं बरं का, आमच्याकडच्या मे महिन्यात जास्त ठेवली तर मॅट मऊ पडते. घडी घालून ठेवू नका, गुंडाळूनच ठेवा, घडीची रेघ मग जात नाही.

अजून एक चांगलं, सोंगट्या ३२ ऐवजी ३४ आहेत, दोन्ही रंगांचा एकेक वजीर जास्तीचा. हा कशाला दिला ते कागदात लिहिलेलंच नाही, त्यावर खाली येतो.

नवीन माणसाला पहिली अडचण ओळखण्याची. हे सगळे सेट स्टाँटन डिझाइनचे असतात, १८४९ पासून लंडनमध्ये विकायला आले ते, अन् त्यात हत्तीला सोंड नाही की उंटाला कुबड नाही. बुरुजासारखा आहे तो हत्ती, डोक्यावर तिरपी चीर पाडलेला निमुळता तो उंट, घोडा घोड्यासारखाच दिसतो, मुकुटाला दाते असलेला वजीर आणि माथ्यावर क्रॉस असलेला राजा. कागदावर चित्रं आहेत पण वजीर अन् राजा इतके बारीक छापलेत की दोघं जुळे भाऊ वाटतात. पुतण्यानं पहिल्या दिवशी अदलाबदल करूनच मांडला होता.

मांडणीचं कागदानं बरोबर सांगितलंय, त्याचं क्रेडिट देतो. आपल्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं पाहिजे. कोपऱ्यात हत्ती, मग घोडा, मग उंट, मधल्या दोन घरांत वजीर अन् राजा, अन् वजीर आपल्याच रंगाच्या घरावर, म्हणजे पांढरा वजीर पांढऱ्या घरावर, काळा काळ्यावर. असं केलं की दोन्ही राजे आपोआप समोरासमोर येतात. मॅटच्या कडेला ए ते एच अक्षरं अन् १ ते ८ आकडे छापलेले आहेत, पांढरं सैन्य १ अन् २ च्या ओळीत. पहिली चाल पांढऱ्याची. चालीही ठीक दिल्यात: हत्ती सरळ, उंट तिरपा, वजीर दोन्ही, राजा कुठंही पण एकच घर, घोडा अडीच घरं अन् मधल्यांवरून उडी मारून. प्यादं सरळ पुढं एक, पहिल्या चालीला वाटलं तर दोन, मारताना मात्र तिरपं, मागं कधीच नाही. इथपर्यंत कागद पास.

इथून पुढं गडबड. कॅसलिंगबद्दल कागदात एकच ओळ आहे, 'राजा व हत्ती आपसात जागा बदलतात.' आता पोट्ट्यांनी काय करावं? त्यांनी खरंच जागा बदलल्या, राजा थेट कोपऱ्यात एच१ वर अन् हत्ती राजाच्या घरी ई१ वर, अन् वरून माझ्यापुढं कागद नाचवून राहिले की छापलंय म्हणून. असं नसतं. राजा हत्तीच्या दिशेनं दोन घरं सरकतो अन् हत्ती त्याच्यावरून पलीकडं येऊन लगेच शेजारी बसतो. म्हणजे पांढऱ्याचा राजा ई१ वरून जी१ ला, अन् एच१ चा हत्ती एफ१ ला. वजिराच्या बाजूनं केलं तर राजा सी१ ला, हत्ती डी१ ला. त्यात अटी आहेत अन् खरी भांडणं अटींचीच होतात. राजा अन् तो हत्ती दोघंही तोवर एकदाही हललेले नकोत, दोघांच्या मधली घरं रिकामी पाहिजेत, आणि राजाला शह असताना, म्हणजे राजावर थेट मार असताना, करता येत नाही, राजा ज्या घरावरून जातो तिथं मार असेल तर येत नाही, जिथं बसणार तिथं मार असेल तरी येत नाही. हत्तीवर मार असला तर चालतं, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. अन् हात आधी राजाला लावायचा, हत्तीला आधी हात लावला तर ती हत्तीची चाल धरतात. एवढं सगळं एका ओळीत कसं बसवलं त्या छापणाऱ्यानं तोच जाणे.

दुसरं, जाता जाता प्यादं मारण्याचा नियम, ज्याला सगळे एन पासंट म्हणतात. हा तर कागदात शोधूनही सापडला नाही. मोबाईलवर खेळणाऱ्या पोट्ट्याला तो माहीत असतो कारण ॲप स्वतः करून दाखवतं, पण ओट्यावर त्यानं तसं केलं की समोरचा म्हणतो तू चीटिंग करून राहिला, प्यादं बाजूचं होतं, तू तिरपा गेला अन् ते गायब कसं झालं. तर समजा पांढऱ्याचं प्यादं ई५ वर पोचलंय. काळ्यानं डी७ चं प्यादं दोन घरं उचलून डी५ ला, म्हणजे अगदी बाजूला आणून ठेवलं. तर पांढऱ्याला ते असं मारता येतं जसं काही ते एकच घर चाललं होतं, आपलं प्यादं डी६ ला जातं अन् डी५ चं उचललं जातं. फक्त लगेचच्या चालीला. एक चाल दुसरीकडं खेळली की हक्क गेला. नियम उगाच आलेला नाही, फार जुन्या खेळात प्यादं एकच घर चालायचं, पुढं युरोपात खेळ फास्ट करायला पहिल्या चालीला दोन घरांची सूट दिली, मग प्यादी समोरच्याचा मार चुकवून सटकू लागली, म्हणून हा तोडगा. हे कारण सांगितलं की पोरांच्या डोक्यात बसतं.

आता त्या जास्तीच्या वजिराचं. कागद म्हणतो प्यादं शेवटच्या घरी पोचलं की 'मेलेली सोंगटी परत येते'. साफ चूक, अन् सगळ्यात जास्त पसरलेली चूक हीच असेल. प्यादं समोरच्या शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा वजीर, हत्ती, उंट, घोडा यातलं काहीही करता येतं, तुमचा पहिला वजीर जिवंत असला तरी दुसरा वजीर होतो, तिसराही होतो. म्हणून तर डब्यात जास्तीचा वजीर दिलाय ना बापा! अन् काही लोक वजीर नसला की हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतात, घरी चालवा, पण स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरला जातो, हे ध्यानात असू द्या.

शहाबद्दल लिहिलंय की 'शह मिळाल्यास राजाने हलावे'. त्यामुळे पुतण्या कित्येक दिवस शह मिळाला की राजा पळवत होता, शह देणारा उंट फुकटात मारता येत होता तरी. शहातून सुटायचे तीन मार्ग: राजा हलवा, शह देणाऱ्याला मारा, नाहीतर मधात सोंगटी घाला. घोड्याच्या शहाला मधात काही घालता येत नाही, तो उडी मारून येतो. तिन्हीपैकी एकही जमत नसेल तर मात, डाव संपला, राजा पटावरून उचलायचा नसतो. समोरच्यानं शह न पाहता दुसरीच चाल केली तर राजा मारून टाळ्या पिटू नका, ती चाल त्याला परत घ्यायला लावा.

आणि आता मुख्य भानगड, स्टेलमेट. आमच्याकडं एक आबाजी आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढं, पराटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, आयुष्य गेलं, आणि पटावर भल्लं चिवट. पुतण्यानं त्यांचं सगळं मारून एकटा राजा कोपऱ्यात नेला, एच८ ला, अन् खुशीत वजीर जी६ ला ठेवून दिला. म्हणजे बघा, वजीर राजापासून बरोबर घोड्याच्या चालीवर. राजाला जी८ ला मार, जी७ ला मार, एच७ ला मार, हलायला जागाच नाही, पण जिथं उभा आहे तिथं शह पण नाही. पुतण्या ओरडला जिंकलो. आबाजी म्हणे, 'शह देल्याबिगर मात कशी बे? कुठी हाय शह, दाखव मले.' पुतण्यानं कागद काढला, कागदात लिहिलेलं, 'राजाला चाल उरली नाही की तो हरला'. झालं. पैज चहाची होती, पण आवाज असे चढले की समोरच्या पिठाच्या गिरणीवरचे लोक येऊन उभे राहिले. खरं आबाजींचंच होतं, शह नाही अन् एकही नियमातली चाल शिल्लक नाही तर डाव बरोबरीत, कोणी जिंकलं नाही कोणी हरलं नाही. दुसरी सोंगटी हलू शकत असती तर मात्र ती हलवावीच लागली असती, तेव्हा स्टेलमेट होत नाही. चहा दोघांनी अर्धा अर्धा दिला, साखर माझ्या दुकानातली.

यावरून नवीन पोरांना एक सांगणं, समोरचा राजा एकटा उरला अन् तुमच्याजवळ वजीर आहे तर घाई करू नका, कोपऱ्यातल्या राजापासून अडीच घरांवर वजीर ठेवायचा नाही. सरावाला दोन हत्तींनी मात शिका, ती सगळ्यात सोपी. एक हत्ती एका ओळीला पहारा देतो, दुसरा पुढच्या ओळीवर शह देतो, राजा एक ओळ मागं सरतो, मग पहिला हत्ती त्याच्या पुढच्या ओळीवर येतो, असं करत करत पटाच्या कडेला नेऊन मात. राजा हत्तीजवळ आला की हत्ती त्याच ओळीत दूर पळवायचा. कागदावर मातचं एक चित्र टाकलं असतं तरी खूप झालं असतं, एकही नाही.

त्याच्याऐवजी जागा कशाला दिलीय तर गुणांच्या तक्त्याला. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. आकडे बरोबर आहेत. पण ते कशाचे ते लिहिलंच नाही, तर चौथीतल्या दोन पोरींनी संध्याकाळ झाली म्हणून डाव थांबवला, मेलेल्या सोंगट्यांचे गुण मोजले अन् एकीला २३-१७ नं जिंकवलं. मला हसू आलं पण पोरींची काय चूक? हे गुण फक्त अंदाजाला असतात, वजीर देऊन हत्ती घेणं परवडतं का, एवढं पाहायला. निकाल मात होण्यावर लागतो, गुणांवर नाही. बाकी बरोबरीचे नियमही नाहीतच कागदात: तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते, दोघांच्या ५०-५० चालींत प्यादं हललं नाही अन् काही मेलंही नाही तरी मागता येते, अन् दोन्हीकडं नुसते राजेच उरले तर बरोबरीच.

आता म्हाताऱ्यांची बाजू पण लिहितो, नाहीतर आबाजी मला दुकानात बसू देणार नाहीत. आमच्या ओट्यावरची जुनी मंडळी देशी खेळतात. देशीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, कॅसलिंग नाही, त्याऐवजी राजाला शह लागायच्या आधी एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, अन् प्यादं ज्या घरी पोचलं त्या घराची सोंगटी होते, हत्तीच्या घरी पोचलं तर हत्ती. हे काही यांनी मनानं काढलेलं नाही, आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या असंच खेळत आलेत. उलट आज जगभर जो खेळ चालतो त्यातल्या वजिराच्या अन् उंटाच्या लांब चाली पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात आल्या, त्याआधी वजीर तिरपा एकच घर जायचा. त्यामुळे देशी चुकीचं अन् मोबाईलवालं बरोबर असं काही मी म्हणत नाही. पण ज्या पोराला तालुक्याच्या, जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत बसायचंय त्यानं फिडेचेच नियम शिकले पाहिजेत, तिथं राजानं घोड्याची उडी मारली तर पंच थांबवणारच. आमच्याकडं आता ठरलंय, सोंगट्या मांडायच्या आधी बोलायचं, देशी का इंटरनॅशनल. आबाजी 'इंटरनॅशनल'ला 'दिव्याचा' म्हणतात. 'आज दिव्याचा खेळू का देशी?' असं.

हात लावला की तीच सोंगटी चालायची, हा नियम मात्र देशीवाले अन् पोट्टे दोघंही मानत नाहीत अन् कागदही गप्प आहे. फिडेत तो कडक आहे, आपल्या सोंगटीला मुद्दाम हात लावला तर तीच हलवावी लागते, समोरच्याच्या सोंगटीला लावला तर ती मारता येत असेल तर मारावीच लागते. नुसती सरळ करायची असेल तर आधी सांगा, आपली चाल असताना, 'नीट करतो' म्हणून. नवीन पोरांना हा पहिल्या दिवसापासून लावा, हात आवरला की डोकं चालू होतं.

विकणाऱ्याला मी मेसेज टाकला होता, कागद बदला म्हणून, कॅसलिंगवाली ओळ फोटो काढून पाठवली. उत्तर आलं, 'प्रॉडक्ट डॅमेज असल्यास सात दिवसांत रिटर्न करा.' म्हटलं राहू दे. मीच वहीच्या पानावर वरचं सगळं मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं, आर्वीला लॅमिनेट करून आणलं, २० रुपये, अन् ओट्याच्या भिंतीवर लावलं. फिडेचे पूर्ण नियम त्यांच्या वेबसाइटवर इंग्रजीत फुकट आहेत, ज्याला जमतं त्यानं तिथूनच पाहावे.

तक्रारी अजून दोन, लहान. एका काळ्या घोड्याचं बुडाचं फेल्ट निघालं, फेविक्विकनं बसलं. अन् सोंगट्यांची पिशवी एकदम टुकार, नाडी पहिल्याच आठवड्यात तुटली, त्यात एक पांढरं प्यादं कुठंतरी पडलं, सुटं प्यादं विकत मिळत नाही, सध्या तिथं पाण्याच्या बाटलीचं झाकण चालतं अन् ते झाकण एकदा आठव्या ओळीत पोचून वजीर पण झालं. घ्यायचा तर २० इंची मॅटवालाच घ्या, त्याच पानावर १७ इंचीचा सेट शंभर रुपयांनी स्वस्त दिसतो पण सोंगट्या याच साइजच्या देतात, घरात मावत नाहीत, उंट उचलायला गेलं की वजिराला हात लागतो.